दातांची रोवणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणा तरी एका भगिनीने घरच्या अनुभवाचा विषय मांडावा असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे, ही विनंती.

मी विषय घेतला आहे दातांचा. त्यातही, पडलेल्या दाताच्या जागी हाडात पक्का बसविलेला जो दात असतो, त्याचा. त्याला दंतरोपण म्हणतात. दवाखान्यात सगळे इम्प्लांट म्हणतात. विषय ऐकून आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, हा श्रीमंतांचा विषय झाला." मी म्हटले, दात काय श्रीमंतांचेच पडतात? पडणारे सगळ्यांचे आहेत, मग बसविण्याची माहिती तरी सगळ्यांना असू द्या.

आपल्याकडे बाईचा दात दुखू लागला की आधी लवंग, मग गुडाखू, मग दुखण्याची गोळी, आणि सरतेशेवटी अर्जुनीला जाऊन तो उपटून टाकणे, असा क्रम ठरलेला आहे. उपटला की दुखणे थांबते आणि गोष्टही तिथेच थांबते. बैल घ्यायला जाताना जी माणसे जबडा उघडून एकेक दात मोजतात, त्याच माणसांना आपल्या घरच्या बाईची दाढ केव्हा गेली हे विचारा. सांगता यायचे नाही. आणि बाईही सांगत नाही. ती त्या बाजूने चावणे सोडते. मग दुसऱ्या बाजूचीही जाते. मग भात मऊ शिजू लागतो, भाकर वरणात कुस्करली जाते, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा दुसऱ्यांना सोलून देण्यापुरत्या उरतात. हळदीकुंकवाला नाव घ्यायचे म्हटले की, "मला नाही बाई येत उखाणा," म्हणून ती मागे सरते. उखाणा तिला येतो. तोंड उघडायची लाज वाटते. मंडईच्या रात्री नाटकात विनोद झाला की आपल्यातल्या किती जणी पदर तोंडाला लावून हसतात, ते पाहावे. सगळ्याच काही मर्यादेपोटी लावीत नाहीत.

आता कवळीविषयी. कवळी ही वाईट वस्तू आहे असे मी म्हणत नाही. पुष्कळांची कवळीवर छान चालते. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, म्हणून ती बहुधा त्रास देत नाही. अडचण खालच्या कवळीची. खाली टाळू नाही. घोड्याच्या नालेसारखी हिरडीची अरुंद वाट, आणि मध्ये सारखी हलणारी जीभ. शिवाय दात काढले की त्याखालचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त, आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात किती तरी वेगाने. म्हणजे आज घट्ट बसलेली कवळी चार वर्षांनी डुगडुगते, यात करणाऱ्याचा दोष असतोच असे नाही. खालची जमीनच खचलेली असते. पूर्ण कवळीने चावण्याचा जोरही स्वतःच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच राहतो.

हे सारे मला कळले ते माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे.

बावन्नाव्या वर्षी त्यांच्या तोंडात एकही दात उरला नाही. तालुक्याच्या बाजूला एका ठिकाणी त्यांनी दोन्ही कवळ्या करून घेतल्या. वरची बरी होती. खालची मात्र बोलताना उचलायची, जेवताना सरकायची. तिच्या घासण्याने हिरडीला फोड यायचे, आणि त्या फोडांवर आपल्या केशोरीची मिरची! आपली मिरची बाहेरगावी नावाजलेली आहे. पण जिच्या हिरडीला जखम आहे तिला विचारा. जाऊबाईंनी ठेचा सोडला, मग तिखट भाजी सोडली, आणि शेवटी पंगतीत बसणे सोडले. सर्वांचे झाल्यावर चुलीपाशी बसून, कवळी काढून, एकट्या जेवत. तीन वर्षे असे चालले. घरात आम्हाला वाटे, थोरल्या आहेत, सर्वांचे करून मग जेवतात.

त्यांची धाकटी मुलगी नागपूरला परिचारिका आहे. दिवाळीला आली तेव्हा तिने हे पाहिले आणि आईला धरून नागपूरला नेले. केशोरीहून अर्जुनी, मग नवेगावबांध, साकोली, भंडारा करीत नागपूर. एक दिवस जाण्यातच जातो. नागपूरला मेडिकलजवळ सरकारी दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे, आणि खाजगी दवाखानेही बरेच आहेत. ती त्यांना आपल्या माहितीच्या एका दवाखान्यात घेऊन गेली.

तेथे डॉक्टरांनी समजावले ते असे. टायटॅनियम नावाच्या धातूचा एक लहानसा स्क्रू, साधारण एक सेंटिमीटर लांबीचा, भूल देऊन जबड्याच्या हाडात बसवितात. लगेच त्यावर दात चढवायची घाई बहुधा करीत नाहीत. तीन-चार महिने वाट पाहतात. तेवढ्यात हाड त्या धातूला येऊन धरते. मग वर दात बसवितात. हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे रोवणीच की! परा रोवला म्हणजे झाले नाही, त्याने मूळ धरले पाहिजे." डॉक्टर हसले. त्यांना परा म्हणजे काय हे सांगावे लागले.

हाड धातूला धरते हे ज्यांनी ओळखले, त्या स्वीडन देशातील डॉक्टरांचे नाव पेर-इंग्वार ब्रोनेमार्क. १९५२ साली ते सशाच्या हाडातले रक्त कसे वाहते ते पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची एक नळी बसविली होती. काम झाल्यावर काढायला गेले, तर ती निघेना. हाडाने तिला घट्ट धरले होते. पाहायला गेले एक आणि सापडले दुसरेच. पुढे १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या माणसाला असे दात बसविले. त्याच्या जबड्यात जन्मापासून व्यंग होते, खाणे-बोलणे अवघड होते. तो २००६ साली वारला तोवर, म्हणजे चाळीस वर्षांवर, ते दात त्याच्या कामी आले. तरी बाकीच्या जगातील डॉक्टरांनी हे सहजासहजी मानले नाही. १९८२ मध्ये कॅनडात टोरोंटो शहरी परिषद भरली, तेथे पुरावे पुढे आल्यावर मग ही पद्धत सगळीकडे पसरली.

सगळे दात गेलेल्या माणसाला प्रत्येक दाताखाली स्क्रू लागतो, अशी आपली समजूत असते. तसे नाही. कॅनडातच मॅक्गिल विद्यापीठात २००२ साली जाणत्या डॉक्टरांनी एकत्र बसून मत दिले की, ज्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही, त्यांना निदान दोन स्क्रू व त्यांवर अडकणारी कवळी हा पहिला उपाय म्हणून सुचवावा. दोन स्क्रूंच्या डोक्यावर लहान गोळ्या असतात, कवळीच्या आतल्या बाजूला त्यांच्या मापाच्या वाट्या. दाबली की टक् करून बसते, पोलक्याच्या टिचबटणासारखी. रात्री काढायची, धुवायची, पाण्यात ठेवायची. जाऊबाईंना हेच करायचे ठरले. खाली दोन स्क्रू व टिचबटणाची कवळी. वर साधीच, पण नवी.

खर्च नव्वद हजार सांगितला. हल्ली खाजगी दवाखान्यात एका स्क्रूला दातासकट वीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत सांगतात. सरकारी दंत महाविद्यालयात विचारल्याशिवाय मात्र एवढ्या पैशाचा निर्णय करू नये असे माझे मत आहे. तेथे खेपा जास्त पडतात, शिकणारी मुले हात लावतात, पण त्यांच्या डोक्यावर शिकविणारे उभे असतात.

घरी येऊन आकडा सांगितला तेव्हा जे व्हायचे ते झाले. माझे भासरे मनाने वाईट नाहीत. पण ते म्हणाले, "या वयात तोंडात नव्वद हजार घालून काय करायचे आहे? धान्य मऊ शिजवता येते." जाऊबाई जन्मात त्यांच्यासमोर मोठ्याने बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "ट्रॅक्टरचे चाक बदलता तेव्हा ट्रॅक्टरचे वय विचारता काय?" आणि माहेरची एकदाणी पेटीतून काढून त्यांच्यापुढे ठेवली. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भासऱ्यांनी एकदाणी परत दिली आणि अर्धे पैसे धानाच्या चुकाऱ्यातून काढले. उरलेले मुलीने भरले. एकदाणी अजून पेटीत आहे. पण ती काढून ठेवली नसती तर काम झाले नसते, हे आम्हा सर्व बायकांना ठाऊक आहे.

होळीनंतर दोन्ही स्क्रू बसविले. त्या म्हणतात की दाढ काढताना याहून जास्त दुखले होते. तीन दिवस सूज, आठवडाभर पातळ खाणे, बस्स. पण दोन महिन्यांनी उजवीकडचा स्क्रू हलू लागला. डॉक्टरांनी विचारले, "साखर?" साखर बरोबर होती. मग विचारले, "तंबाखू?" जाऊबाई खाली पाहू लागल्या. गुडाखू चालू होती, दिवसातून तीन वेळा. दात नसले तरी हिरडीला ती लागतेच, हे आपण सर्व जाणतो. तो स्क्रू काढावा लागला. तीन महिने हाड भरू दिले, मध्ये रोवणीही उरकली, आणि पोळ्यानंतर पुन्हा बसविला. या वेळी गुडाखूची डबी त्यांनी स्वतः परसातल्या खड्ड्यात टाकली. होळीला लागलेले काम संक्रांतीला पुरे झाले. नागपूरच्या अकरा खेपा झाल्या.

शंभर स्क्रू बसविले तर दहा वर्षांनी त्यांतले पंच्याण्णवाच्या आसपास टिकून असतात, असे मोठ्या पाहण्यांतून दिसले आहे. हे प्रमाण फार चांगले आहे. पण उरलेल्या पाचांत आपला नंबर लागायला तंबाखू, बिडी आणि ताब्यात नसलेली साखर या गोष्टी पुष्कळ मदत करतात. खर्रा खाणाऱ्यांची आणखी एक गोष्ट आहे. सुपारीने तोंडाचे आतले कातडे आखडते, तोंड दोन बोटेही उघडत नाही. मग दंतवैद्याचे हत्यारच आत जात नाही. दात बसविणार कसे? राज्यात गुटख्यावर बंदी येऊन २०१२ पासून इतकी वर्षे झाली, पण खर्रा घोटणारे हात काही थांबले नाहीत. असो. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलू लागले तर संध्याकाळ होईल.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडे येते. काम झाले, पैसे गेले. पण समाधान मिळाले की नाही हे कोणी ठरवायचे? डॉक्टर फोटो काढून पाहतात आणि म्हणतात, उत्तम. नवरा म्हणतो, दिसतात तर छान. पण जिने चावायचे तिला कोणी विचारावे की नाही? हे आता जगभर मानले जाते. ऑस्ट्रेलियात स्लेड व स्पेन्सर या दोघांनी १९९४ साली तोंडाच्या आरोग्याचा जगण्यावर काय परिणाम होतो हे विचारणारे ४९ प्रश्न तयार केले. पुढे १९९७ मध्ये स्लेड यांनी त्यांतून निवडून १४ ठेवले. ते प्रश्न फार साधे आहेत. दातांमुळे शब्द उच्चारायला अडचण होते का? चव बिघडली आहे का? तोंडात दुखते का? जेवताना त्रास होतो का? आपल्या तोंडाची लाज वाटते का, मनावर ताण येतो का? जेवण अर्धवट सोडावे लागते का? चारचौघांत ओशाळल्यासारखे होते का? माणसांवर चिडचिड होते का? नेहमीची कामे अडतात का? जगण्यात समाधान कमी झाले आहे का? "कधीच नाही" याला शून्य आणि "फार वेळा" याला चार, असे गुण. एकूण ५६. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. म्हणजे आपल्या शाळेच्या परीक्षेच्या अगदी उलट.

पुतणीने आईला हे प्रश्न आपल्या बोलीत विचारले. काम करण्याआधी ३९ आले. काम झाल्यावर तीन महिन्यांनी १७, आणि वर्षाने १२. मला आकड्यांपेक्षा उत्तरे ऐकण्यासारखी वाटली. "चिडचिड होते का" याला त्या आधी "फार वेळा" म्हणाल्या होत्या, आणि आम्ही घरातल्या सगळ्या एकमेकींकडे पाहू लागलो. इतकी वर्षे त्यांचा स्वभावच तिखट आहे असे आम्ही धरून चाललो होतो. तीन महिन्यांनी त्याच प्रश्नाला त्या म्हणाल्या, "कधी कधी." त्यावर माझी सून हळूच म्हणाली, "हे मात्र खरे आहे."

उरलेले १२ गुणही सांगितले पाहिजेत, नाही तर ही दवाखान्याची जाहिरात होईल. वरच्या कवळीने टाळू झाकलेली असते, म्हणून भाजी अजून आळणी लागते, असे त्या म्हणतात. पेरू खाल्ला की बिया खालच्या कवळीत शिरतात, मग उठून धुवावी लागते. टिचबटणाच्या आतली लहान कडी झिजते. ती चौदा महिन्यांनी बदलावी लागली, त्यासाठी नागपूरची खेप झाली. आणि पैशाची रुखरुख. त्यासाठी मात्र चौदांत एकही प्रश्न नाही. तो पंधरावा आपण घालावा.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. दात आले तरी दोन महिने त्या मऊ भात आणि वरणच खात होत्या. तिकडच्या पाहण्यांतही असेच आढळले आहे: चावण्याची ताकद वाढते, पण ताटातले अन्न आपोआप बदलत नाही, कोणी तरी मागे लागून सांगावे लागते. मग मी लाखोळीची भाजी, काकडीच्या चकत्या, भाजलेले दाणे थोडे थोडे करून त्यांच्या ताटात ठेवू लागले. आता त्या पंगतीत बसतात. शेवटी उठतात, कारण बोलणे फार होते.

या पाहण्यांतून आणखी जे दिसते ते आपल्या उपयोगाचे आहे. खालची कवळी ज्यांना त्रास देते, त्यांना दोन स्क्रूंचा फायदा मोठा वाटतो. वरच्या जबड्यात तेवढा फरक जाणवत नाही. आणि जी बाई साध्या कवळीवर सुखाने भाकर खाते, तिला या उपचाराने फारसे अधिक मिळत नाही. तेव्हा शेजारणीने केले म्हणून करण्याची ही गोष्ट नव्हे. आधी चौदा प्रश्न स्वतःला विचारावेत. पाच-दहा गुण आले तर पैसे मुलांच्या शिक्षणाला लावावे. तीस-चाळीस आले तर घरात बोलावे. एखादाच दात गेला असेल तर पुलाचा उपायही असतो, पण त्यात शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. ते कमकुवत असतील तर ठीक, धडधाकट असतील तर विचार करावा. वय जास्त म्हणून कोणी नाही म्हणत नाही. साखर असेल, किंवा हाडे ठिसूळ होण्यावर औषध चालू असेल, तर ती गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना न चुकता दाखवावी. वाढत्या वयाच्या मुलांना जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत हे करीत नाहीत. बसविल्यावर रोज घासणे आणि सहा महिन्यांनी दाखविणे आलेच. स्क्रूला कीड लागत नाही, पण त्याभोवतीची हिरडी सडू शकते आणि मग हाडही जाते.

मंडळाने नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात तपासणीसाठी एकत्र जाण्याचे ठरविले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. येताना जुनी कवळी बरोबर घ्यावी, वापरीत नसाल तरी घ्यावी. साखरेची चाचणी गेल्या महिन्यातली असावी. आणि आधार कार्ड विसरू नये. डबा आपापला.

माझे सांगणे संपले. बाकी ज्या शंका असतील त्या मला विचारण्यापेक्षा जाऊबाईंना विचारा. त्या तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत, हिरव्या लुगड्यातल्या. टिचबटण कसे बसते ते काढून दाखवायलाही त्या तयार आहेत. फक्त त्या वेळी मागे उभ्या असलेल्या पुरुषमंडळींनी जरा बाहेर जावे, असे त्यांनी मला सांगून ठेवले आहे.